ट्रक बघायला सोसायटी गेली

पोपट भालेकरांनी ट्रक लीजवर घ्यायचं ठरवलं, हे त्यांनी एकाच माणसाला सांगितलं होतं आणि तेही शपथ घालून. पण तो माणूस म्हणजे कोपरच्या शुभंकर सोसायटीचे सेक्रेटरी शिवराम काका. त्यामुळे संध्याकाळचा चहा होईपर्यंत त्या चार मजली इमारतीत ही बातमी न कळलेलं फक्त जिन्याखालचं मांजर उरलं होतं. पोपटरावांनी थोडा राग दाखवला, पण तो खरा नव्हता. बातमी फुटावी म्हणूनच त्यांनी काकांची निवड केली होती.

आनंदच तसा होता. पोपटरावांनी उमेदीची सगळी वर्षं दुसऱ्यांच्या गाड्या चालवण्यात घालवली होती. नाक्यावर पोलिसाने हात केला की पहिला प्रश्न ठरलेला, "गाडी कोणाची?" आणि पोपटरावांनी खिडकीतून मान बाहेर काढून कुणातरी शेठचं नाव सांगायचं. शेठ बदलले, गाड्या बदलल्या, प्रश्न तोच राहिला. एकदा तरी या प्रश्नाला "माझी" असं उत्तर द्यायचं, एवढंच त्यांचं स्वप्न होतं. माणसं यापेक्षा पुष्कळ महागडी स्वप्नं बघतात, पण ट्रक म्हटलं की हेही काही स्वस्त नव्हतं.

तेवढ्यात त्यांना ऋतुराज भेटला. ठाण्यात घोडबंदर रोडला त्याचं काचेचं ऑफिस होतं, त्यात एक मनी प्लांट होता आणि बिस्किटं बशीतून द्यायची पद्धत होती. ऋतुराज ट्रक विकत घेऊन ड्रायव्हरांना लीजवर द्यायचा. दर महिन्याला भाडं भरायचं, तीन वर्षं गाडी चालवायची आणि तीन वर्षांनी गाडी आपली. पोपटरावांना हा हिशेब तिथल्या तिथे पटला, आणि त्याहून जास्त पटला तो ऋतुराज. कारण तो त्यांना "पोपट सर" म्हणाला. आजवर त्यांना पोपट, पोपट्या, ड्रायव्हर, उस्ताद आणि रागाच्या भरात बरंच काही म्हटलं गेलं होतं. सर कुणी म्हटलं नव्हतं. "सर, तुम्ही आता ड्रायव्हर नाही, आमचे पार्टनर आहात," असं ऋतुराज म्हणाला तेव्हा पोपटरावांनी हातातलं बिस्किट चहात बुडवायचं थांबवलं, कारण पार्टनर लोक बुडवत नसावेत.

त्याच भरात ते कल्याणला गेले आणि जुन्या शेठला नोकरी सोडतो म्हणून सांगून आले. नुसतं सांगून आले असते तर ठीक होतं. पण त्यांनी छोटंसं भाषण केलं. त्यात "आता आपण बरोबरीने भेटू" असं एक वाक्य होतं. परतीचे दोर त्यांनी स्वतःच्या हाताने कापले होते आणि वर शेठलाच कात्री धरायला लावली होती.

करार फोनवर आला. पानंच्या पानं आणि सगळा इंग्रजीत. पोपटरावांनी अंगठ्याने तो सर्रकन वरपासून खालपर्यंत ओढला आणि शेवटी सहीची जागा बघून समाधानाने फोन खिशात टाकला. गाडी चांगली असली की कागद चांगलाच असतो, असं त्यांचं साधं तत्त्व होतं. पण शिवराम काकांसमोरून कागद न वाचता पुढे जाणं म्हणजे टोल न भरता टोलनाका ओलांडण्यासारखं. काकांनी करार मागून घेतला, चष्मा पुसला आणि त्या क्षणापासून पोपटरावांचा ट्रक पोपटरावांचा राहिला नाही.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. डोंबिवलीकडच्या माणसाला करार म्हटलं की एकच करार ठाऊक असतो, घरभाड्याचा, अकरा महिन्यांचा. माणूस इथे येतो, खोली बघतो, करार करतो, अकरा महिन्यांनी पुन्हा करार करतो आणि असं करत करत म्हातारा होतो. शिवराम काकांनी अशा शेकडो करारांच्या प्रती सोसायटीच्या कपाटात लावल्या होत्या. दुसऱ्या मजल्यावरच्या नीला काकू त्यांच्याही वरच्या. ठाकुर्ली, दिवा आणि कोपर मिळून त्यांनी भाड्याच्या इतक्या खोल्या बदलल्या होत्या की खोलीच्या दारात उभं राहून नुसत्या वासावरून त्या ओल कुठल्या भिंतीला आहे ते सांगायच्या. आता त्यांचं स्वतःचं घर होतं, पण हात शिवशिवायचे. दुसऱ्या कुणाची खोली बघायची असली की त्या आधी चप्पल घालून तयार.

काकांचा पहिला आक्षेप असा की करार तीन वर्षांचा का, अकरा महिन्यांचा का नाही. पोपटरावांनी सांगितलं की हा ट्रक आहे. काका म्हणाले की ते त्यांना दिसतंय, पण पोलीस व्हेरिफिकेशन झालं का? नीला काकूंनी डिपॉझिट परत कधी मिळणार ते विचारलं, आणि गाडीला खिळे ठोकायला परवानगी आहे का तेही. आरसा लावायचा, देवाचा फोटो लावायचा, उद्या मालकाने भोकं दाखवून पैसे कापले तर? पोपटराव म्हणाले की ट्रकमध्ये देव डॅशबोर्डवर चिकटवतात. काकू म्हणाल्या की मग डिंकाचे डाग पडतील, ते आधी विचारून घ्या.

पोपटरावांचा अभिमान दुखावला गेला. ज्यांना क्लच कुठल्या पायाने दाबतात हे ठाऊक नाही, ती माणसं त्यांना ट्रकबद्दल शिकवत होती. त्यांनी ठणकावून सांगितलं की उद्या शीळफाट्याजवळच्या यार्डात गाडी बघायला ते एकटे जाणार आहेत आणि ट्रकमधलं त्यांना कुणी काही सांगायचं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी रिक्षात त्यांच्या एका बाजूला शिवराम काका होते, दुसऱ्या बाजूला नीला काकू, आणि पुढे रिक्षावाल्याच्या शेजारी अवघडून बसलेल्या पोपटरावांच्या पत्नी मालनताई, ज्यांनी या सगळ्या प्रकरणात अजून एक अक्षर काढलेलं नव्हतं.

गाडी मात्र बघण्यासारखी होती. सहाचाकी, निळी आणि अंगाने भरलेली. पोपटरावांनी किल्ली फिरवली, इंजिन सुरू झालं आणि त्यांनी डोळे मिटले. कुठे खरखर नाही, धाप नाही. त्यांनी टायर ठोकून बघितले, खाली झोपून तेल गळतंय का ते बघितलं, चॅसीचा नंबर आरसीवरच्या नंबराशी ताडला, फिटनेस, परमिट आणि इन्शुरन्सच्या तारखा पाहिल्या. सगळं चोख. सरळ उभे राहिले तेव्हा पाठीला यार्डाची अर्धी माती लागली होती आणि चेहरा मुलगी पसंत पडलेल्या नवऱ्या मुलासारखा झाला होता. समोरच्या काचेवर कुठलं नाव लिहायचं तेही त्यांनी मनात ठरवून टाकलं. मालनकृपा.

मग वर बघतात तर नीला काकू शिडीवरून केबिनच्या टपावर बादलीभर पाणी ओतत होत्या.

गच्ची गळते का ते बघायचा त्यांचा हाच खात्रीचा उपाय होता. पाणी टपावरून आत आलं आणि नेमकं ड्रायव्हरच्या सीटवर ठिबकलं. काकू वरून विजयाने म्हणाल्या, "बघितलंत? जुलैमध्ये हे मांडीवर टोप घेऊन गाडी चालवतील." शिवराम काका तोवर गाडीवरचा एकेक पोचा शोधून त्याचा फोटो काढत होते, आणि पोचा किती मोठा ते कळावं म्हणून प्रत्येक फोटोत आपली छत्री शेजारी धरत होते. खोली सोडताना मालक जुने डाग आपल्या माथी मारतो, तसा हा मारणार, असं त्यांचं म्हणणं. यार्डातले बाकीचे ड्रायव्हर आपली कामं सोडून गोळा झाले. एकाने पोपटरावांना विचारलं की ही मंडळी आरटीओची का? पोपटरावांनी जमिनीकडे बघत सांगितलं की नाही, सोसायटीची.

गाडी दाखवायला आलेल्या ऋतुराजने हे सगळं हसतमुखाने सोसलं. टप दुरुस्त करून देऊ म्हणाला आणि करार पुढे केला, टेकायला काचेची पाटी आणि छानसं पेनसुद्धा. पोपटरावांनी पेन हातात घेतलं. आणि तेव्हा मालनताई पहिल्यांदा बोलल्या.

"आधीचा का सोडून गेला?"

ऋतुराज म्हणाला की आधीच्या पार्टनरचं काहीतरी पर्सनल रीझन होतं. नीला काकूंनी शिडीवरून खाली उडी मारली नाही एवढंच. पर्सनल रीझन हा शब्द त्यांनी आयुष्यात पुष्कळ मालकांकडून ऐकला होता आणि प्रत्येक वेळी त्याचा अर्थ एकच निघाला होता, पाणी येत नाही. आधीच्या भाडेकरूला भेटल्याशिवाय सही होणार नाही, असं त्यांनी जाहीर केलं. पोपटरावांनी पेन घट्ट धरून विरोध केला. ड्रायव्हर लोकांत एक रीत असते, दुसऱ्याने सोडलेल्या गाडीची चौकशी त्याच्याकडे जाऊन करायची नाही. गाडी आपल्याला कळत नाही असा त्याचा अर्थ होतो. पण मालनताईंनी त्यांच्या हातातून पेन काढून घेतलं आणि ऋतुराजला परत दिलं, तेही नीट टोपण लावून.

आधीचा भाडेकरू शोधायची पद्धत ठरलेली असते. मालकाला विचारायचं नाही, इस्त्रीवाल्याला विचारायचं. यार्डात इस्त्रीवाला नव्हता, चहावाला होता. त्याने दोन कटिंगांच्या आत सगळं सांगितलं. माणसाचं नाव धोंडिबा, राहायला दिव्याला, आता शाळेची बस चालवतो.

दिव्याच्या त्या चाळीत ही चौघं पोचली तेव्हा दार धोंडिबाच्या बायकोने उघडलं. छत्री आणि फाइल घेतलेले शिवराम काका पाहून तिने एका दमात सांगितलं की धोंडिबा गावाला गेलेत, कधी येतील माहीत नाही, फोनही नेला नाही. आत पलंगाखालून एक शिंक आली. काका सभ्य माणूस, ते बाहेर ओट्यावर बसून राहिले. पोपटरावांना अपमानाने घाम फुटला. लोकांच्या घरी वसुलीवाल्यांसारखं जाऊन बसायची वेळ आपल्यावर यावी, तीही उभ्या आयुष्यातल्या सगळ्यात आनंदाच्या दिवशी, हे त्यांना सहन होईना. चला घरी, असं ते तिसऱ्यांदा म्हणाले आणि तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी पाण्याचा टँकर आला.

दिव्यात टँकर आला की कुणी गावाला गेलेला राहत नाही. पलंगाखालून धोंडिबा निघाला तो दोन हंडे आणि पाइप घेऊनच. नीला काकूंनी पदर खोचला, गर्दीत घुसून पाइपचं तोंड पकडलं आणि धोंडिबाचे हंडे, पिंप, वर कळशी असं सगळं भरून दिलं. ही वसुलीची माणसं नाहीत याची धोंडिबाला तिथे खात्री पटली. वसुलीवाले पाणी भरून देत नाहीत.

मग तो बोलला. "गाडी सोनं आहे, दादा. गाडीला नाव ठेवू नका. मला कागदाने खाल्लं."

पोपटराव ओट्यावर त्याच्या शेजारी बसले. धोंडिबाने सांगितलं की गाडी गॅरेजमध्ये उभी असली तरी भाडं चालूच राहायचं, आणि गॅरेज कंपनीने सांगितलेलंच, त्यामुळे उभी राहायची ती आरामात राहायची. तो यायच्या आधीच्या ड्रायव्हरने केलेले दंडही त्याच्याच नावे निघाले, कारण दंड गाडीच्या नंबरावर येतो आणि घेताना त्याने ते तपासले नव्हते. पण हे सगळं त्याने सोसलं असतं. शेवटी गाडी आपलीच होणार होती ना. म्हणून एकदा त्याने ओळखीच्या एका मास्तरांकडून करार वाचून घेतला. तीन वर्षांनी गाडी त्याची, असं त्यात कुठेच लिहिलेलं नव्हतं. कंपनीला वाटलं तर कंपनी गाडी विकण्याचा विचार करू शकेल, एवढंच होतं.

शिवराम काकांनी फाइल उघडली आणि पोपटरावांच्या करारातलं तेच वाक्य काढून मोठ्याने मराठीत वाचलं. कंपनीला वाटलं तर. ते वाक्य काकांनी पहिल्याच दिवशी वाचलं होतं, पण घरमालक कधी भाडेकरूला घर देऊन टाकत नसतो, त्यामुळे त्यांना त्यात काही खटकलंच नव्हतं. ते ओशाळून चष्मा पुसत राहिले.

पोपटरावांना शेठपुढचं भाषण आठवत होतं, इंजिनचा आवाज आठवत होता, सर म्हणून मारलेली हाक आठवत होती. थोड्या वेळाने ते हळूच म्हणाले की तरीही सही करावी, ऋतुराज चांगला मुलगा आहे, तोंडाने बोललाय तो. मालनताई म्हणाल्या, "अहो, तोंडाने बोललाय ना, मग हाताने लिहू दे." एवढं सोपं वाक्य, पण पोपटरावांच्या अंगात पुन्हा जीव आला. गाडी सोडायची नव्हती, कागद बदलायचा होता. ते ताडकन उठले आणि म्हणाले, "चला ठाण्याला." आता सगळ्यात पुढे तेच होते.

काचेच्या ऑफिसात ऋतुराजसमोर चार खुर्च्या ओढून ही मंडळी बसली आणि शिवराम काकांनी सोसायटीच्या वार्षिक सभेसारखं कामकाज सुरू केलं. एकेक कलम वाचायचं, सूचना मांडायची, अनुमोदन घ्यायचं. अनुमोदन प्रत्येक वेळी नीला काकू द्यायच्या. ऋतुराजकडे आजवर ड्रायव्हर एकटे आले होते, फार तर मेव्हण्याला घेऊन. मॅनेजिंग कमिटी घेऊन कुणी आलं नव्हतं. सुरुवातीला तो कंपनीची पॉलिसी सांगत होता, मग नुसतंच "मॅडम, मॅडम" म्हणू लागला. बशीतली बिस्किटं संपली, दुसरी बशी आली, पण शेवटच्या कलमावर गाडं अडलं. गाडी पोपटरावांच्या नावावर करायचं लिहून द्यायला तो तयार होईना. असा फॉरमॅटच नाही, म्हणाला.

तेव्हा नीला काकूंनी भलताच प्रश्न विचारला. "तू राहतोस कुठे रे?"

ऋतुराज इथेच मागच्या टॉवरमध्ये राहत होता. भाड्याने. काकूंचे डोळे चमकले. करार फोनवर आहे का, असं त्यांनी विचारलं, आणि कंटाळलेल्या ऋतुराजने तो उघडून त्यांच्या हातात दिला. काकूंनी फोन शिवराम काकांकडे सरकवला. काकांनी दोन मिनिटं वाचलं आणि दुःखाने मान हलवली. घर सोडताना अख्ख्या फ्लॅटचा रंग ऋतुराजच्या खर्चाने, लिफ्ट दुरुस्तीत मालकाचा वाटा ऋतुराजने भरायचा, आणि डिपॉझिट परत केव्हा, तर मालकाला वाटलं तर.

ऋतुराजने फोन परत घेतला आणि ते वाक्य स्वतः वाचलं. मग पुन्हा वाचलं. त्याच्या गोऱ्या चेहऱ्यावर रिक्षाच्या मीटरसारखा फरक पडत गेला. "पण मालक तर तोंडी म्हणाले होते की..." एवढं म्हणून तो थांबला, आणि समोर बसलेल्या पोपटरावांकडे त्याची नजर गेली. त्यांना त्या पोराची खरोखर दया आली होती.

त्यानंतरचं काम भराभर झालं. तीन वर्षं भाडं भरलं की गाडी भालेकरांच्या नावावर करून देणं कंपनीवर बंधनकारक, असं ऋतुराजने स्वतः टाइप केलं. गॅरेजमधल्या दिवसांचं भाडं नाही. जुने पोचे फोटोंप्रमाणे, छत्रीसकट. आजच्या आधीचे सगळे दंड कंपनीने भरायचे, आणि समतोल राहावा म्हणून काकांनी स्वतःहून एक कलम घातलं की ताबा घेतल्यापासूनचे सगळे दंड भालेकरांचे. पोपटरावांनी सही केली. बदल्यात नीला काकूंनी रविवारी ऋतुराजच्या घरमालकाकडे यायचं कबूल केलं.

आणि मग तो दिवस आला. झेंडूचे हार, केबिनच्या काचेवर पिवळ्या अक्षरांत मालनकृपा, नवा टप, आणि आत पोपटराव इस्त्रीच्या शर्टात. शेजारी मालनताई, ज्यांना गाडीवर आपलं नाव अजिबात नको होतं आणि ज्या दर दोन मिनिटांनी मान वाकडी करून ते उलट्या बाजूने वाचत होत्या. अख्खी शुभंकर सोसायटी गेटवर पूजेचं ताट घेऊन उभी. ट्रक दिमाखात कोपरच्या रस्त्याने आला, गल्लीच्या तोंडाशी वळला आणि थांबला.

गल्ली बसत नव्हती. म्हणजे ट्रक गल्लीत बसत नव्हता. पोपटरावांनी इंजिन तपासलं होतं, काकांनी कलमं, काकूंनी ओल. गल्लीची रुंदी कुणीच बघितली नव्हती, कारण खोली भाड्याने घेताना खोलीला कुठून आत यायचं नसतं. पुढचं तोंड गल्लीत आणि बाकीची गाडी रस्त्यावर आडवी, अशी मालनकृपा अडकली. मागे रिक्षांची रांग लागली, हॉर्न सुरू झाले. सोसायटी ताटासकट धावत रस्त्यावर आली आणि शिवराम काकांनी ठरवलं की मुहूर्त चुकवायचा नाही. नारळ तिथेच फोडला. त्याचं पाणी उडालं ते थेट येऊन उभ्या राहिलेल्या वाहतूक पोलिसाच्या बुटांवर.

पोलिसाने आधी बूट बघितले, मग गर्दी, मग गाडी. खिशातून मशीन काढलं आणि नंबराचा फोटो घेतला. मग खिडकीकडे मान वर करून विचारलं, "गाडी कोणाची?"

रस्ता एकदम शांत झाला. निदान पोपटरावांना तरी तसं वाटलं. ज्या उत्तराची त्यांनी इतकी वर्षं तयारी केली होती ते ओठांवर आलं आणि तिथेच अडलं. माणूस प्रामाणिक होता, आणि आता तर त्याने कागद वाचलेला होता.

"तीन वर्षांनी माझी, साहेब," ते म्हणाले.

पोलिसाने मशीनकडे बघितलं आणि सांगितलं की इथे कंपनीचं नाव दाखवतंय, दंड कंपनीला जाईल. त्यावर शिवराम काका गर्दी सारत पुढे आले. दंड कंपनीला जाणार नाही, कलम बारा, ताबा घेतल्यापासूनचे सगळे दंड भालेकरांचे, असं त्यांनी अभिमानाने वाचून दाखवलं, कारण ते कलम त्यांचं होतं आणि पहिल्याच दिवशी लागू पडलं होतं. मालनताईंनी कपाळाला हात लावला. नीला काकूंनी पोलिसाच्या हातावर पेढा ठेवला आणि तो राहतो कुठे, घर स्वतःचं की भाड्याचं, ते विचारलं.

पोपटराव मात्र केबिनमधून खाली उतरले, हसत हसत, दोन्ही हातांनी शर्ट सारखा करत. इतक्या आनंदाने दंड भरायला निघालेला माणूस त्या पोलिसाने पाहिला नसावा, कारण त्याने वाकून त्यांच्या तोंडाचा वास घेतला. त्याला कुठून कळणार? दंड तर पोपटराव आजवरही पगारातूनच भरत आले होते. गाडी तेवढी दर वेळी दुसऱ्याची असायची.